कोंडाबाईंनी भरलेलं पाणी

रूपालीनं काचेची नळी जांभळ्या दिव्याखाली धरली आणि साठ पोरं एकदम चिडीचूप झाली.

लातूरच्या क्लासमधली साठ पोरं एका वेळी गप्प बसणं ही काय चीज असते, ते तिथं शिकवल्याशिवाय कळायचं नाही. रविवारचा जादा तास होता. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, बाहेर शेजारच्या क्लासची रिक्षा आपल्या गुणवंतांची नावं भोंग्यावरून ओरडत चाललेली. रूपाली दर रविवारी नांदेडहून एसटीनं यायची, चार तास शिकवायची आणि परत जायची. आज तिनं पोरांना कबूल केलं होतं की पुस्तकातलं नाही, माझ्या स्वतःच्या संशोधनातलं काहीतरी दाखवते.

नळीत सगळं मिसळल्यावर वीस मिनिटं थांबायचं असतं. तेवढ्यात तिनं सगळं समजावून सांगितलं होतं. "पेशीतलं एखादं प्रथिन बिघडतं आणि रोग होतो. बरीचशी औषधं काय करतात, त्या प्रथिनाच्या तोंडात बोळा कोंबतात. आम्ही बोळा कोंबत बसत नाही, सरळ कचऱ्यात टाकतो. पेशीची स्वतःची घंटागाडी असते बरं का! बिघडलेलं प्रथिन दोरीनं त्या घंटागाडीला बांधून दिलं की पेशी आपणहून त्याचा चुरा करते. ही दोरी म्हणजे लिंकर. आखूड झाली तर पोचत नाही, लांब झाली तर गुंता. आणि अख्खी दोरी पेशीत शिरत नाही, म्हणून आम्ही तिचे दोन तुकडे आत सोडायचं म्हणतो. दोन्हींच्या टोकाला आकडे, एकमेकांत खटकन अडकणारे. म्हणून तर याला क्लिक म्हणतात. भानगड एकच. आकडे अडकायला मध्ये तांबं लागतं, आणि तांबं पेशीला विष. पण माझ्या लिंकरला तांबं लागत नाही. तीन महिने मी नांदेडला हेच करून राहिले. जोड झाला की निळं चमकतं. आता बघा."

पोरांनी बघितलं. नळी काळीच.

तिनं नळी हलवली. पुन्हा धरली. दिव्याचं बटण बंद करून चालू केलं. आणखी दहा मिनिटं थांबली, तेवढ्या वेळात एक विनोद सांगितला, पण कुणालाच हसू आलं नाही. शेवटी तिसऱ्या बाकावरची एक चुणचुणीत पोरगी हात वर करून म्हणाली, "मॅडम, आन्सर कीच चुकली का?" मग मात्र सगळा वर्ग खो खो हसला. रूपालीही हसली, पण तास तिनं वेळेआधीच सोडून दिला.

त्याला कारणही तसंच होतं. उद्या सोमवारी सकाळी अकराला हैदराबादच्या डॉक्टर सौदामिनी नांदेडला येणार होत्या. बाई मूळच्या नांदेडच्याच, पण आता त्यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळावी म्हणून देशभरातली पोरं रांगा लावतात. त्या हा जोड स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होत्या. निळं चमकलं, तर रूपालीला त्यांच्याकडं तीन वर्षांची जागा. रूपालीची इथली शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती. नाही चमकलं, तर मग हाच क्लास, हाच खडू आणि ह्याच त्या खिडक्या, आयुष्यभर. हिमायतनगरच्या शाळामास्तरची पोरगी, घराण्यातली पहिली डॉक्टरेट. गावात बापानं अर्ध्या लोकांना सांगूनही टाकलं होतं.

परतीची एसटी अहमदपूरच्या पुढं गेली तरी तिचं डोकं त्या काळ्या नळीतून निघेना. मग ती स्वतःवरच चिडली. अगं, पोरांना काय शिकवतेस तू? उत्तर येत नसेल तर पर्याय कापत जा! चार पर्यायांतले तीन खोटे ठरवले की चौथा पळून जातो कुठं? तिनं तिकिटाच्या मागं लिहायला घेतलं. लिंकरची पूड, नांदेडचीच, त्याच बाटलीतली. कापा. चमकणारा रंग, तोही नांदेडचाच. कापा. क जीवनसत्त्वाचं मीठ, जे ह्या कृतीत घालतातच, तेही तिनं पुडी बांधून नेलं होतं. कापा. दिवा क्लासचा होता, पण पोरांच्या पांढऱ्या शर्टांवर तो लख्ख निळा पडला होता, म्हणजे दिवा ठीक. कापा.

राहिलं पाणी. क्लासमध्ये तिनं इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरलं होतं, दुकानातलं, सीलबंद. नांदेडला विद्यापीठातल्या तिच्या विभागाच्या यंत्रावर निघालेलं डिस्टिल्ड वॉटर. दोन्ही शुद्धच. पाण्यात काय असणार?

लोह्याचा स्टँड येईस्तोवर तिनं 'पाणी' हे उत्तर चार वेळा खोडलं आणि चार वेळा परत लिहिलं.

संध्याकाळी सहाला ती विभागात पोचली तर कोंडाबाई अजून होती. रविवार असून. उद्या पाहुण्या येणार म्हणून रूपालीचे मार्गदर्शक पंचाक्षरी सर यांनी तिला बोलावून घेतलं होतं, आणि ती टेबलं घासून घासून त्यांचा रंग काढायच्या बेतात होती. कोंडाबाई विभागातली मदतनीस, पन्नाशीची, कंत्राटावरची. औसा तालुक्यातलं तिचं गाव. त्र्याण्णवच्या भूकंपात नवरा गेला, सहा महिन्यांची लेक गेली, आणि ही एकटी भावाच्या आसऱ्यानं नांदेडला आली. रूपालीला ती बाई म्हणायची आणि डब्यातली अर्धी भाकरी रोज जबरदस्तीनं खायला लावायची.

"मावशी, टेबलावरच्या कॅनमध्ये पाणी कुठून भरता तुम्ही?"

"कुठून म्हंजी? यंत्रातून."

"सरळ यंत्रातून?"

"आता सरळ कसं भरंल बाई? ते रातभर थेंब थेंब गळतंय. खाली भांडं ठिवावं लागतंय न्हाई का?"

"दाखवा बरं मला."

तीन वर्षांत रूपाली त्या मागच्या खोलीत गेली नव्हती. खरं सांगायचं तर कुणीच जात नव्हतं. तिथं यंत्र, मोऱ्या आणि झाडू, म्हणजे कोंडाबाईचं राज्य. कोंडाबाईनं दिवा लावला. यंत्राच्या नळीखाली तांब्याची घागर होती. घासून लखलखीत केलेली, एका अंगाला मोठा पोचा, तोंडावर पांढरं स्वच्छ फडकं बांधलेलं.

रूपालीनं वाकून घागरीच्या तांब्याला बोट लावून बघितलं.

"खालचं मोठं क्यान तडकलं व्हतं पावसाळ्यात," कोंडाबाई सांगू लागली. "सायबाला चारदा सांगितलं. म्हनले, बघू. मंग किती दिस बघायचं? तुमी म्हनला व्हता, मावशी, पानी लई शुद्ध लागतंय, जराबी घाण चालत न्हाई. मंग मी ही आणली. ढिगाऱ्याखालून ही एकलीच साबूत निघाली व्हती बगा माझ्या घरातली. ह्याच्याहून शुद्ध माझ्याकडं काय हाय?"

पावसाळ्यात कॅन तडकला. पावसाळ्यानंतरच रूपालीची ती पहिली नळी चमकली होती, तांबं न घालता. त्या दिवशी विभागात पेढे वाटले होते. पंचाक्षरी सरांचा पेपरात फोटो आला होता.

पण नुसतं वाटून काय उपयोग, बघायला पाहिजे. तिनं दोन नळ्या घेतल्या. एकीत घागरीतलं पाणी, दुसरीत यंत्राच्या तोंडाशी काच धरून थेंब थेंब गोळा केलेलं. बाकी सगळं तेच, तेवढंच. कोंडाबाई दाराला टेकून उभी होती. रूपालीनं घड्याळावर वीस मिनिटं मोजली. मग रूपालीनं दिवा लावला.

घागरीची नळी निळी झाली होती. दुसरी काळी.

"मावशी," ती म्हणाली, "या घागरीतून पाण्यात तांबं उतरतं. अगदी कणभर. पण माझ्या लिंकरला तेवढंच पुरतं. आम्हाला वाटलं तांब्यावाचून जोड होतोय. होत नव्हता."

कोंडाबाईला आकडे-बिकडे काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं की घागरीनं घात केला. तिनं पदर तोंडाला लावला. "आग्गं माय! माझ्यामुळं? एवढ्या दिसाची तुमची मेहनत?"

"थांबा, मी सरांशी बोलते," म्हणून रूपाली फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात आली.

पंचाक्षरी सर माणूस वाईट नव्हते. ह्याच पोरीला त्यांनी हात धरून इथवर आणलं होतं, आणि हिला संशोधन झेपायचं नाही असं लोक म्हणत होते तेव्हा तिची बाजू घेतली होती. पण त्यांचीही निवृत्ती जवळ आलेली, आणि तीस वर्षांत पेपरात फोटो आला तो हा एकदाच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. म्हणजे, मावशी होत्या इथं."

"ती काय समजणार. हे बघ रूपाली, शांत डोक्यानं ऐक. उद्या त्या बाई एक नळी बघणार, चहा घेणार आणि जाणार. तुझी जागा पक्की होऊ दे. मग महिन्याभरात आपणच तपासू, आपणच दुरुस्ती कळवू. असं होतं संशोधनात. सगळ्यांचं होतं. आपण काही खोटं नळीत घालणार आहोत का? रोज जे करतेस तेच कर. पाणी आहे तसं राहू दे, बस्स."

"पण सर, आता आपल्याला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही," सर म्हणाले. "तुला माहीत असेल तर तू ठरव. मार्चनंतर काय करणार तेही तूच ठरव."

फोन बंद झाला. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय ठरवायचं? लगेच खरं सांगून मोकळं व्हायचं! अहो, असं घरी बसून म्हणायला काय जातंय. रूपाली त्या व्हरांड्यात पाऊण तास उभी होती. पोरगी खोटारडी नव्हती. पण तिला ते लातूरचे काळे कागद दिसत होते, बापाचा चेहरा दिसत होता, आणि सरांचं एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं: आपण काही खोटं नळीत घालणार आहोत का? ते वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं की शेवटी तिला ते पटलं.

ती आत आली. कोंडाबाई तशीच उभी होती.

"मंग उद्याला कसं करायचं बाई?"

"काही करू नका मावशी." रूपालीनं तिच्याकडं बघितलं नाही. "जा तुम्ही घरी. उशीर झाला."

टेबलावरचा कॅन भरलेला होता, शनिवारी सकाळी घागरीतून भरलेला. काही करायची गरजच नव्हती. पाणी आहे तसं राहू दे, बस्स.

सोमवारी अकराच्या ठोक्याला डॉक्टर सौदामिनी आल्या. साधी सुती साडी, पायात चपला, हातात एक जाडजूड वही. पंचाक्षरी सर दारापर्यंत सामोरे गेले. बाईंनी चहा नको म्हणून सांगितलं आणि सरळ टेबलापाशी आल्या. "बोलणं नंतर," त्या म्हणाल्या, "आधी नळी."

रूपालीचे हात सराईत होते, ते आपोआप चालले. लिंकर. रंग. मीठ. मग कॅनची तोटी फिरवली, पाणी घेतलं.  बाई वहीत लिहीत होत्या: काय घातलं, किती घातलं, किती वाजता.

"तांबं मोजून बघितलंय का पाण्यातलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तसं यंत्र नाही मॅडम आमच्याकडं," सर घाईनं म्हणाले. "पण डिस्टिल्ड वॉटरच वापरतो, नेहमी."

रूपाली गप्प राहिली. झालं. हे गप्प राहणं तिला पुढं कितीतरी दिवस आठवायचं होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सर हैदराबादच्या उन्हाविषयी बोलले, गोदावरीच्या पाण्याविषयी बोलले. कोंडाबाई दारात येऊन उभी राहिली, इस्त्रीचं लुगडं नेसून. डोळे तांबारलेले, पण चेहऱ्यावर कसलंतरी समाधान. रूपालीनं नजर चुकवली.

वीस मिनिटं झाली. तिनं दिवा लावला.

नळी काळी.

सर हसले. "कधीकधी जरा वेळ लागतो." आणखी पाच मिनिटं. काळी. आणखी पाच. सरांच्या कपाळावर घाम आला, आणि रूपालीला क्षणभर खरंच काही कळेना. पाणी तेच होतं! कॅन तोच होता! तिनं वर बघितलं आणि तिची कोंडाबाईशी नजरानजर झाली.

"काळजी करू नगा बाई," कोंडाबाई हळूच, कौतुकानं म्हणाली. "आज पानी चोख हाय. कालचं समदं वतून दिलं. क्यान तीनदा घासलं, पहाटंच येऊन यंत्राखाली काच धरून बसले. थेंब थेंब भरलंय. घागर न्हेऊन टाकली घरी."

 रूपाली तिच्या तांबारलेल्या डोळ्यांकडं बघत राहिली. ही बाई रात्रभर झोपली नसणार. काही करू नका म्हटलं, म्हणून हिनं सगळं केलं. आपल्या पोरीचं नुकसान झालं, ते आपल्या हातानं निस्तरायचं, एवढंच हिला ठाऊक.

"हिला कोणी सांगितलं पाण्याला हात लावायला?" पंचाक्षरी सर एकदम कडाडले. "मॅडम, माफ करा. ही कंत्राटाची माणसं, ह्यांना अक्कल नसते. हिनं काहीतरी घातलंय कॅनमध्ये. साबण राहिला असेल. कोंडाबाई, उद्यापासून यायचं नाही तुम्ही! रूपाली, दुसरं पाणी आण आणि परत लाव."

 कोंडाबाई एकदा सरांकडं बघे, एकदा रूपालीकडं.

डॉक्टर सौदामिनींनी पेन खाली ठेवलं. "कालच्या पाण्यात काय होतं?"

वाट अजून मोकळी होती. साबणावर ढकलायचं, आठ दिवसांनी परत या म्हणायचं. बाई कदाचित आल्याही असत्या. सर डोळ्यांनी तेच सांगत होते. रूपालीला खूप भीती वाटत होती.

"तांबं," ती म्हणाली. "पाणी तांब्याच्या घागरीत साठत होतं. तेवढ्या तांब्यावर जोड होत होता. तांब्यावाचून होत नाही. आज मावशींनी चोख पाणी भरलं, म्हणून नळी काळी. नळीत आज जे दिसतंय ते खरं आहे."

"तुला हे कधी कळलं? आत्ता?"

"नाही." तिनं बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवला. "काल संध्याकाळी. दोन नळ्या लावून बघितल्या होत्या मी."

"आणि तरी आज सकाळी माझ्यासमोर नळी लावायला उभी राहिलीस."

"हो."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग कोंडाबाईकडं वळल्या. "पाणी किती वाजता भरलं, ताई?"

"पाचाला बसले, साडेआठला भरलं," कोंडाबाई म्हणाली.

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. पंचाक्षरी सरांना त्या म्हणाल्या, "ह्या बाईंना कामावरून काढलं असं माझ्या कानावर आलं तर मी हे सगळं विद्यापीठाला लेखी कळवीन, सर." मग वही मिटून त्यांनी पिशवीत ठेवली. "रूपाली, इतक्या थोड्या तांब्यावर चालणारा लिंकर ही गोष्ट छोटी नाही. ती नीट मोजून लिही, मी वाचीन. पण माझ्याकडची जागा मी तुला देऊ शकत नाही. चूक घागरीची असती तर दिली असती."

त्या गेल्या. सर त्यांच्या मागोमाग गाडीपर्यंत गेले, आणि जिन्यावरून त्यांचा अजिजीचा आवाज बराच वेळ येत राहिला. रूपाली स्टुलावर बसली. रडू आलं होतं, ते तिनं आवरलं नाही.

कोंडाबाई हळूहळू जवळ आली. पाठीवर हात ठेवावा की नाही, हे तिला समजत नव्हतं. "बाई," तिनं विचारलं, "खरं सांगा. माझ्यामुळं गेली का तुमची नोकरी?"

"नाही मावशी," रूपाली म्हणाली. "माझ्यामुळं."